आडात आहे, पण पोहऱ्यात येईल का?

"बॅकअप आहे" हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येतं. पतपेढीत, शाळेच्या ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये... आणि एकदा ते उच्चारलं गेलं की ऐकणारे सगळे निश्चिंत होतात. कोणी पुढे काही विचारत नाही. माझं मत असं की हे वाक्य व्याकरणाने पूर्ण असलं तरी अर्थाने अर्धंच आहे. बॅकअप आहे, बरं. पण तो परत आणून कधी पाहिला होता? कोणी पाहिला? किती वेळ लागला? या तीन प्रश्नांना उत्तरं नसतील तर "बॅकअप असावा असं वाटतं" एवढंच म्हणावं.

शाळेत पोरं सांगायची, "बाई, कविता पाठ आहे." आपण काय म्हणतो? "म्हणून दाखव." यात अविश्वास नसतो. पाठ असणं वेगळं आणि वर्गासमोर उभं राहून म्हणता येणं वेगळं, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. दुसऱ्या कडव्याशी गाडी अडली की त्याचं त्यालाच समजतं, घरी काय राहिलं होतं ते. बॅकअपला मात्र "म्हणून दाखव" असं कोणी म्हणत नाही!

आता मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईने या विषयात का बोलावं, असं काही मंडळींना वाटेल. सांगते. एक तर आमच्या घराण्यातली निम्मी मुलं-सुना याच कामात आहेत आणि रात्री-अपरात्री फोन आला की जेवणावरून उठतात. कशासाठी उठतात ते समजून घ्यावं असं फार दिवस मनात होतं. दुसरं म्हणजे ज्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे, तिथल्या नोंदी आता क्लाउडवर आहेत. म्हणजे प्रश्न आपल्या दारात आलेला आहे. तेव्हा भाच्याला समोर बसवून घेतलं, "मला पहिलीपासून शिकव" म्हटलं, आणि वहीत लिहून घेतलं. त्या वहीतून हे लिहिते आहे.

डेटाबेस म्हणजे काय ते आधी. जालावरची जुनी मंडळी त्याला विदागार म्हणायची. शब्द चांगला होता, पण रुळला नाही. असो. शाळेत काम केलेल्यांना हे चटकन समजेल. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचा एक नंबर असतो. हजेरीपट वेगळा, फीचं रजिस्टर वेगळं, निकालपत्रक वेगळं. पण सगळीकडे तो नंबर आला की चारही वह्या एकमेकींशी बोलायला लागतात. माहिती अशी तक्त्यांमध्ये मांडायची आणि नंबरांनी जोडायची, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका लेखात मांडली. त्यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत जिथे जिथे नोंद आहे, तिथे बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

पूर्वी हे सगळं संस्थेच्या स्वतःच्या यंत्रावर असायचं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनने रिलेशनल डेटाबेस भाड्याने द्यायला सुरुवात केली. यंत्र त्यांचं, वीज त्यांची, देखभाल त्यांची. आपण फक्त वापरायचं आणि महिन्याचं बिल भरायचं. २०१६ मध्ये त्यांनी मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादला आपली केंद्रं उघडली, त्यामुळे आपल्याकडची पुष्कळ माहिती आता देशातच राहते. इतरही कंपन्या अशी सेवा देतात, पण मी ही एकच नीट समजून घेतली, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

या भाड्याच्या डेटाबेसचा स्नॅपशॉट काढता येतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीची संपूर्ण प्रत. पहिली प्रत पूर्ण असते. पुढच्या प्रतींमध्ये फक्त बदललेला भाग साठवला जातो, म्हणून जागा कमी लागते. काही स्नॅपशॉट आपोआप निघतात, काही आपण हाताने काढतो. आपोआप निघणारे जास्तीत जास्त पस्तीस दिवस राहतात. हाताने काढलेले आपण पुसेपर्यंत राहतात. इथवर सगळं ऐकायला गोड आहे. गंमत पुढे आहे.

मला वाटायचं, स्नॅपशॉट परत आणायचा म्हणजे बिघडलेल्या वहीवर जुनी चांगली पानं पुन्हा चिकटवायची. तसं नसतं! स्नॅपशॉटमधून नेहमी एक नवाकोरा वेगळा डेटाबेस उभा राहतो. जुना होता तिथेच, तसाच बिघडलेला असतो. नव्याचं नाव वेगळं, पत्ता वेगळा. म्हणजे वाचनालयाचा प्रोग्रॅम अजूनही जुन्याच दारावर टकटक करत बसणार. मग एकतर प्रोग्रॅमला नवा पत्ता सांगायचा, नाहीतर जुन्याचं नाव बदलून त्याचं मूळ नाव नव्याला द्यायचं. नावाचं बारसं बदललं की पत्ताही त्याच्याकडे येतो.

तेवढ्यानेही भागत नाही. डेटाबेसच्या दाराशी एक राखणदार असतो, त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. कोणाला आत सोडायचं याची यादी त्याच्याकडे असते. नवा डेटाबेस उभा करताना हा राखणदार नेमून दिला नाही, तर एक सरसकट राखणदार मिळतो, आणि तो आपल्या माणसांना ओळखत नाही. सेटिंगची यादीही सांगितली नाही तर सरसकटच मिळते. पासवर्ड मात्र स्नॅपशॉट काढला त्या वेळचा असतो. मधल्या काळात पासवर्ड बदलला असेल, तर आजचा चालणार नाही. आणि प्रत कुलूपबंद केलेली असेल, तर तिची किल्ली शाबूत हवी. किल्ली कायमची पुसली गेली की प्रत असून नसल्यासारखी.

अजून एक. डेटाबेस "तयार" म्हणून दिसू लागला, तरी सगळी माहिती आत आलेली असतेच असं नाही. ती मागाहून हळूहळू येत राहते. जे पान आपण आधी उघडू ते तेव्हाच गोदामातून आणलं जातं, म्हणून पहिल्यांदा सगळं सावकाश चालतं. हे ठाऊक नसलेला माणूस घाबरून "बिघडला, बिघडला" म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि आणखी वेळ घालवतो.

आता विचार करा. रात्रीचे दोन वाजलेत. साहेबांचे फोनवर फोन येतायत. हजारो लोक खोळंबलेत. आणि एका पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने हे सगळं आठवून, एकेक बटण दाबून, एकही पायरी न चुकवता करायचंय! स्वयंपाकघरात आयत्या वेळी दहा माणसं आली तर हातातलं मीठ दोनदा पडतं. इथे तर सगळ्या संस्थेचं मीठ.

म्हणून माझं दुसरं मत: परत आणण्याची सगळी कृती आधीच, शांत डोक्याने, कोडमध्ये लिहून ठेवलेली असावी. पायथॉन भाषेत यासाठी बोटो थ्री नावाचं साधन आहे. (बोटो हे ॲमेझॉन नदीतल्या डॉल्फिनचं नाव. कंपनीचं नाव ॲमेझॉन, म्हणून साधन बोटो. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.) भाच्याने मला तो कोड वाचून दाखवला. मराठीत सांगायचं तर तो असा: अमुक तारखेचा स्नॅपशॉट घे. तमुक नावाने नवा डेटाबेस उभा कर. यंत्र एवढ्या ताकदीचं घे. दाराशी हा राखणदार ठेव. सेटिंगची यादी ही लाव. मग तयार होईपर्यंत थांब. तयार झाला की आत जाऊन नोंदी मोज आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते सांग.

यातलं "थांब" मला फार आवडलं. ते साधन दर तीस सेकंदांनी डोकावून विचारतं, "झाला का तयार?" असं साठ वेळा विचारतं. अर्ध्या तासात झाला नाही, तर हात टेकतं आणि चूक झाली म्हणून कळवतं. पण त्या वेळी डेटाबेस उभा राहण्याचं काम पलीकडे चालूच असतं! मोठा डेटाबेस असेल तर अर्धा तास अपुरा पडू शकतो. म्हणजे निरोप "चूक" असा येतो आणि प्रत्यक्षात चूक झालेलीच नसते. हे तालमीत कळलं तर त्या ओळीत मोठा आकडा घालून ठेवता येतो. रात्री दोन वाजता पहिल्यांदा कळलं तर माणूस रडकुंडीला येतो.

मी हे कल्पनेतलं सांगत नाही. गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे डेटाबेसची जुळी प्रत मागे पडत होती, म्हणून एक इंजिनिअर दुय्यम यंत्रावरची माहिती पुसून ती नव्याने भरणार होता. पण आज्ञा दिली गेली मुख्य यंत्राला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने थांबवलं, तोवर सुमारे तीनशे जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं होतं.

तरी घाबरायचं कारण नव्हतं, कारण बॅकअप होते. एक नाही, वेगवेगळ्या पद्धतींचे! मग एकेक उघडून पाहायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप जिथे जायचा ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो रोज मुकाट्याने अपयशी होत होता. अपयशाची ईमेल पाठवण्याची सोय होती, पण ती पत्रं मेलच्या सुरक्षानियमांमुळे नाकारली जात होती, कोणाला मिळतच नव्हती. डिस्कचे स्नॅपशॉट काढण्याची सोय होती, पण डेटाबेसच्या यंत्रांसाठी ती सुरूच केलेली नव्हती. शेवटी तारलं कोणी? सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी, सहज हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटने. तो परत भरायला सुमारे अठरा तास लागले, कारण ज्या यंत्रावर तो होता त्याच्या डिस्क मंद होत्या. लोकांचा मुख्य कोड वाचला, पण मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सातशेच्या आसपास नवी खाती गेली ती गेलीच.

मात्र त्या कंपनीने दोन गोष्टी अशा केल्या की मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. परत आणण्याचं काम त्यांनी यूट्यूबवर सर्वांसमोर चालू ठेवलं. आणि नंतर काय काय चुकलं याचा सविस्तर अहवाल कोणालाही वाचता येईल असा जाहीर केला. त्यात त्या इंजिनिअरला सुळावर दिलेलं नाही. एका माणसाच्या एका आज्ञेने सगळं जाऊ शकतं, तर दोष व्यवस्थेत आहे, असा सूर आहे. आपल्याकडे काय झालं असतं? आधी त्या पोराला नोटीस, मग चौकशी समिती. आणि रिकामी जागा महिनोन्‌महिने रिकामीच आहे हे ज्यांनी बघितलं नाही, ते सगळे समितीवर!

आता आमच्या वाचनालयाचं. ज्यांनी आमचा प्रोग्रॅम करून दिला, त्यांचा माणूस मीटिंगला आला तेव्हा मी विचारलं, "परत आणून दाखवाल का?" तो जरा दुखावला. "मॅडम, क्लाउडवर आहे सगळं. विश्वास नाही का?" अध्यक्षही म्हणाले, "बाई, कशाला उगीच खर्चात पाडता?" मी म्हटलं, आगीचा बंब घेतला की त्याचीही चाचणी करतातच ना. शेवटी असं ठरलं, की एका रविवारी भाचा आणि तो माणूस दोघांनी मिळून तालीम करायची. खर्च एका प्रतीच्या काही तासांच्या भाड्याचा. तो चहा-नाश्त्याच्या खर्चापेक्षा कमी आला.

तालमीत दोन गोष्टी उघड झाल्या. नवा डेटाबेस उभा राहिला, पण आमच्या प्रोग्रॅमला आत शिरता येईना. तोच तो राखणदार! ते दहा मिनिटांत सुटलं. दुसरी गोष्ट मात्र गंभीर होती. आपोआप निघणारे बॅकअप किती दिवस ठेवायचे, हा आकडा आमचा डेटाबेस उभारताना कोणी भरलेलाच नव्हता. पडद्यावरून बटणं दाबून डेटाबेस उभारला तर तिथे साधारणपणे सात दिवस असा आकडा आधीच भरलेला दिसतो. कोडने उभारला आणि आकडा दिला नाही, तर तो एक दिवस धरला जातो. आमच्याकडे एकच दिवस होता. भाचा म्हणाला, "मावशी, तुमचं वाचनालय सोमवारी बंद असतं ना? मग रविवारी संध्याकाळी काही पुसलं गेलं आणि ते मंगळवारी कळलं, तर परत आणायला चांगली प्रतच उरलेली नाही."

मीटिंगमध्ये कोणीच काही बोललं नाही. वर्षानुवर्षं माणसांनी दान दिलेली पुस्तकं, दात्यांची नावं, सभासदांच्या अनामती, कोणाकडे कोणतं पुस्तक आहे... हे सगळं दर आठवड्याला एका सुट्टीच्या भरवशावर होतं. जुनी दाखल-नोंदवही कपाटात आहे, पण संगणक आल्यापासून ती कोणी भरलेली नाही. आता तो आकडा पस्तीस केलाय, आणि महिन्याला एक प्रत हाताने काढून ठेवायची असं ठरलंय. त्या माणसानेही मन मोठं करून परत आणण्याचा कोड लिहून दिला. आता तो नसला तरी दुसऱ्या कोणाला ती कृती करता येईल. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एखाद्या घरात लोणच्याचं प्रमाण फक्त आजीच्या हाताला ठाऊक असतं. आजी गेली की लोणचं गेलं. कागदावर असेल तर निदान सुरुवात तरी करता येते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. कोडने काम झटपट होतं, तसा विध्वंसही झटपट होतो. बटणं दाबताना माणूस निदान एकदा थबकतो, कोड थबकत नाही. चुकीचं नाव दिलं तर तो निमूटपणे चुकीचंच करेल. पुसण्याचा हक्क असलेला कोड कोण्या दुष्टाच्या हाती पडला तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. कोड स्पेसेस नावाची कंपनी होती. २०१४ च्या जूनमध्ये कोणा हल्लेखोराने तिच्या क्लाउडच्या नियंत्रण पडद्यात शिरकाव केला आणि खंडणी मागितली. कंपनीने ताबा परत घ्यायचा प्रयत्न केला, तशी त्याने यंत्रं, साठा आणि स्नॅपशॉटसुद्धा पुसायला सुरुवात केली. बारा तासांत कंपनी जवळजवळ रिकामी झाली, आणि तिने कायमचं दार लावलं. मूळ आणि प्रत एकाच किल्लीच्या कुलपात ठेवली, की चोराला दोन्ही एकदमच मिळतात.

पण या आक्षेपाचं उत्तर कोड टाळणं हे नाही. उत्तर असं, की कोडला हक्क बेताचे द्यावेत. परत आणणाऱ्या कोडला नवं उभारण्याचा हक्क असावा, खरं पुसण्याचा नसावा. तालमीची प्रत पुसावी लागतेच, नाहीतर भाडं चालू राहतं. तेव्हा नावाच्या सुरुवातीला "तालीम" असेल तेवढंच पुसायची मुभा द्यावी. तशी बंधनं घालता येतात. आणि लिहिलेला कोड चालवण्याआधी दुसऱ्याने वाचावा. प्रश्नपत्रिका काढणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, ही आपली शाळेतली रीत काही वाईट नव्हती.

शिवाय एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या खात्यात असावी. स्नॅपशॉट मुंबईहून हैदराबादला पाठवता येतो, वेगळ्या खात्यातही ठेवता येतो. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियात युनिसुपर या मोठ्या निवृत्तिवेतन निधीची गूगलच्या क्लाउडवरची व्यवस्था पुसली गेली. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता, त्यातून हे घडलं. सहा लाखांवर सभासद आठवडाभर आपलं खातं बघू शकले नाहीत. पण निधीने दुसऱ्या कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्यांचा मोठा हातभार लागला आणि व्यवस्था पुन्हा उभी राहिली. उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी जिथे आपली कागदपत्रं ठेवायचे, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. त्याची बाहेर प्रत नव्हती. आकाराने फार मोठा म्हणून काढलेली नव्हती. जी गोष्ट जपायला फार मोठी वाटते, ती गमवायला किती मोठी असेल याचा हिशोब कोणी मांडला नव्हता.

भाच्याने आणखी एक समजावलं, तेही सांगते. स्नॅपशॉट रात्री दोनचा आणि घोळ दुपारी चारचा, तर मधले चौदा तास गेले. म्हणून या सेवेत मधल्या व्यवहारांची टिपणंही दर पाच मिनिटांनी बाजूला ठेवली जातात, आणि त्यांच्या आधारे घोळाच्या जरा आधीच्या क्षणापर्यंत परत जाता येतं. इथेही नवाच डेटाबेस उभा राहतो. आणि अर्थात, तीही सोय तुम्ही ठरवलेल्या दिवसांपुरतीच. आकडा शून्य ठेवला तर सोयच बंद.

परत आणलेली प्रत खरी आहे का हे तपासणं हा शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. उभी राहिली म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. पुढच्या तीनशे वर्षांत प्रतींवरून प्रती होताना पाठ बिघडत गेले. एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती पुष्कळ होत्या, पण कोणीतरी बसून ताडून पाहायला हवं होतं. डेटाबेसचं काम त्या मानाने सोपं आहे. नोंदी मोजा, शेवटची तारीख पाहा, माहितीतल्या पाच-दहा नोंदी उघडून वाचा. आमच्या तालमीत मी माझ्या स्वतःच्या खात्यावरची पुस्तकं तपासली. सगळी बरोबर होती. एक परत करायचं राहिलेलं पुस्तकही त्यात दिसलं, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं!

तर मंडळी, बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही. तुमच्यातले कोणी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, कोणी पतपेढीवर आहेत, कोणी शाळा चालवतात. पुढच्या मीटिंगला "बॅकअप आहे का?" असं विचारू नका. "आहे" असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: शेवटचं परत कधी आणून पाहिलंत? किती मिनिटं लागली? ते करणारा माणूस रजेवर असेल तर दुसऱ्या कोणाला जमेल का? आणि दर तीन महिन्यांनी एका ठरलेल्या वारी तालीम करायची, असं इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्तात आलं की ते टाळता येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

आणि घरातल्या ज्या मुलांना रात्री दोनला उठावं लागतं, त्यांना एकच सांगणं. तुमचे वरिष्ठ तालमीला वेळ देत नसतील, तर हट्टाने मागा. लिहिलेली कृती आणि झालेली तालीम तुमच्या पाठीशी असेल, तर त्या रात्री तुमचा हात थरथरणार नाही, आणि सकाळी खापर तुमच्या एकट्याच्या डोक्यावर फुटणार नाही. आमच्या वाचनालयाची पुढची तालीम लावलेली आहे. या वेळी भाच्याने फक्त बसून बघायचं आणि कोड आमच्या ग्रंथपाल बाईंनी चालवायचा, असं ठरलंय. तुमच्याकडे काय रीत आहे, जरूर कळवा.